ताज्या दळणाच्या पोळ्या दुपारपर्यंत वातड होतात? गव्हाला दोष देण्याआधी हे तपासा

"पोळ्या बिघडतात" एवढ्यावरून काहीच कळत नाही. नेमकं काय बिघडतंय ते आधी बघा. यातलं कुठलं लक्षण तुमच्याकडे आहे?

- तव्यावरून उतरताना पोळी मऊ असते, पण डब्यात दोन-तीन तास राहिली की कडा कडक होतात आणि मधला भाग वातड. घास तोडायला ओढावं लागतं.
- लाटताना पोळी मागे आखडते, हवी तेवढी मोठी होत नाही.
- लाटताना कडा फाटतात, पोळी उचलताना तुटते.
- भिजवताना कणीक बरोबर वाटते, पण अर्ध्या तासात सैल पडते आणि पोळपाटाला चिकटते. भाजलेली पोळी आतून चिकट लागते.
- पोळी फुगत नाही, किंवा एकाच बाजूने फुगते.
- दाताखाली कचकच येते.
- चव कडवट, वास खवट.

माझं पोळी-भाजी केंद्र आहे आणि गहू आम्ही स्वतः दळून आणतो. त्यामुळे आसपासच्या बायका आणि नवीन संसार मांडलेली मुलंमुली पिठाची पिशवी घेऊन विचारायला येतात. पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं, "या वेळी गहूच खराब निघाला." निम्मं पोतं शिल्लक असताना दुसरा गहू आणलेली घरंही मी पाहिली आहेत आणि तिथे पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा आली. गहू खरोखर खराब असतो, पण क्वचित. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि गव्हापर्यंत शेवटी पोहोचतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी, तवा आणि गहू एकदम बदललात तर पोळ्या सुधारतील, पण कशाने सुधारल्या ते कळणार नाही आणि दोन महिन्यांनी परत तिथेच याल.

पीठ गार झालं होतं का?

गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते, पाणी खाली पडतं, पिठात गुठळ्या होतात आणि डब्याच्या तळाशी कुबट वास सुरू होतो. शिवाय गरम पिठाची कणीक हाताला आहे त्यापेक्षा सैल लागते. साहजिकच आपण पाणी कमी घालतो आणि गार झाल्यावर तीच कणीक घट्ट होते. दळण आलं की परातीत पसरून तासभर ठेवा, हाताला पूर्ण गार लागलं की मगच भरा.

पाणी आणि मुरवण

बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे घाई करू नका.

ताज्या दळणात कोंडा आणि अंकुर सगळं असतं. पिठाचा पांढरा भाग पाणी लगेच ओढतो, कोंडा मात्र सावकाश. भिजवल्या भिजवल्या लाटायला घेतलं तर त्या क्षणी कणीक मऊ वाटते, पण कोंड्याची तहान भागलेली नसते. तो नंतर, पोळी भाजताना आणि डब्यात असतानाही, आजूबाजूचा ओलावा खेचत राहतो. सकाळची मऊ पोळी दुपारी वातड होण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. कोरडा कोंडा टोकदारही असतो. कणकेतले चिकट धागे तो कापतो, म्हणून पोळी फाटते.

दगडी चक्कीवर दळताना गव्हातल्या स्टार्चचे कण बरेच चिरडले जातात आणि चिरडलेला स्टार्च जास्त पाणी पितो. त्यामुळे ज्यांचा हात विकतच्या मैद्यावर किंवा चाळलेल्या पिठावर बसला आहे, त्यांच्याकडून चक्कीच्या पिठात पाणी हमखास कमी पडतं.

वजनकाटा असेल तर एकदा मोजून बघा. ५०० ग्रॅम पिठाला ३२५ ते ३५० ग्रॅम पाणी, एवढ्यापासून सुरुवात करा. काही गहू ३७५ ग्रॅमही मागतात. पाणी घालून सगळं पीठ फक्त ओलं करा, तिंबू नका. झाकून २० मिनिटं ठेवा. मग मीठ घालून चांगलं तिंबा, शेवटी चमचाभर तेल लावा आणि परत अर्धा तास झाकून ठेवा. तेल शेवटी अशासाठी, की आधी घातलं तर ते पिठाच्या कणांवर बसतं आणि पाणी आत जायला अडवतं. शंकरपाळ्यांना खुसखुशीतपणा हवा म्हणून आपण मोहन आधी घालतो. पोळीला तो नकोच असतो. मीठ ५०० ग्रॅमला चहाचा एक सपाट चमचा. मिठाने चव तर येतेच, सैल कणीक आवळतेही.

पाण्याचाच दोष आहे का, याची खात्री करायला एकाच पिठाचे दोन गोळे करा. एकात तुमचं नेहमीचं पाणी आणि नेहमीची पद्धत. दुसऱ्यात दर ५०० ग्रॅमला २५ ग्रॅम पाणी जास्त आणि वर सांगितलेली मुरवण. दोन्हींच्या दोन-दोन पोळ्या करा, वेगवेगळ्या फडक्यात गुंडाळा आणि चार तासांनी तोडून बघा. दुसऱ्या मऊ राहिल्या असतील तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

पावसाळ्यात पीठच हवेतलं पाणी ओढून बसतं, म्हणून एप्रिलमधलं माप जुलैत सैल पडतं. माप पाठ करून उपयोग नाही. मुरलेल्या कणकेत बोट दाबलं की खळगी हळूहळू भरून यावी, एवढं लक्षात ठेवा. लगेच उसळली तर कणीक अजून मुरायची आहे. लाटताना पोळी आखडते तेव्हाही इलाज हाच, म्हणजे आणखी १५-२० मिनिटं थांबा. जोर लावून लाटलेली पोळी तव्यावर परत आखडते आणि जाड राहते.

तवा

तवा मंद असेल तर पोळी भाजत नाही, नुसती वाळते. पाण्याचा थेंब टाकला की लगेच चुरचुरून उडून गेला पाहिजे. पहिली बाजू थोडाच वेळ, रंग बदलून बारीक फोड दिसेपर्यंत. दुसरी बाजू जरा जास्त. मग परत उलटून फुगवायची. एक पोळी साधारण मिनिट-दीड मिनिटात उतरली पाहिजे. दोन मिनिटांच्या वर जात असेल तर आच वाढवा. या एका बदलाने मऊ झालेल्या पोळ्या मी कितीतरी घरांत पाहिल्या आहेत, विशेषतः पातळ नॉनस्टिक तवा मंद आचेवर ठेवायची सवय असलेल्या घरांत. जाड बिडाचा किंवा लोखंडी तवा आच धरून ठेवतो.

फुगत नसेल तर आधी लाटण्याकडे बघा. पोळी वाफेने फुगते. मध्ये जाड आणि कडेला पातळ असेल, किंवा घडीची कड फाटून भोक पडलं असेल, तर वाफ तिथून निघून जाते. पिठी भारंभार लावली की ती तव्यावर जळते आणि पोळीचा ओलावा शोषते. भाजण्याआधी पोळी एकदा झटकून घ्या.

डबा

गरम पोळ्या सरळ स्टीलच्या डब्यात टाकल्या की खालच्या ओल्या होतात, उघड्या ठेवल्या की वरच्या सुकतात. जाळीवर अर्धा मिनिट वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात, मग डब्यात. केलेल्या पोळ्या फ्रीजमध्ये ठेवू नका. भाजलेल्या पिठातला स्टार्च फ्रीजच्या थंडीत सगळ्यात लवकर घट्ट होतो. उरल्याच तर फ्रीझरमध्ये ठेवा आणि काढल्यावर थेट तापलेल्या तव्यावर टाका.

पीठ किती बारीक आहे?

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही पोळ्या वातड होत असतील तर पिठाकडे वळा. थोडं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळलेल्या आणि न चाळलेल्या पिठाच्या पोळ्या सारख्याच पद्धतीने करून शेजारी ठेवा. चाळलेल्याच मऊ राहिल्या तर दोष जाड कोंड्याचा आहे. कोंडा फेकून देणं हा इलाज नाही. पीठ ताजं दळण्याचा अर्धा लाभ त्यातच आहे. चाळून निघालेला कोंडा तासभर पाण्यात भिजवून त्याच पाण्यासकट कणकेत घाला, आणि पुढचं दळण बारीक करून घ्या.

घरघंटी असेल तर जाळी काढून उजेडासमोर धरा. जाळी वापरून झिजते, भोकं मोठी होतात, कधी कड फाटते आणि गव्हाचे तुकडे पिठात उतरतात. नवी जाळी स्वस्तात मिळते, तुमच्या मशीनच्या मापाची घ्या. जाळी काढण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गिरणीत आधी काय दळलं होतं?

हे विचारायला लोक संकोचतात आणि नेमकं तेच विचारायला हवं. तुमच्या आधी ज्वारी, बाजरी किंवा डाळ दळली असेल तर तिचं पीठ दगडांमध्ये आणि नळीत राहतं आणि तुमच्या गव्हात उतरतं. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कडा फाटतात. दोन-तीन किलोच दळण असेल तर परिणाम स्पष्ट दिसतो. "गव्हावरच दळा" असं सांगा आणि थांबावं लागलं तरी थांबा.

पीठ खाली पडताना हात लावून बघा. कोमट असणं ठीक. हात ठेवता येणार नाही इतकं तापलं असेल तर दगड फार आवळलेले आहेत किंवा बोथट झाले आहेत. अशा पिठातला चिकट भाग उष्णतेने कमकुवत होतो, आणि स्टार्च अति चिरडल्यामुळे कणीक पाणी पिऊनही नंतर चिकचिकते. कचकच येते ती बहुधा दगडांना नुकतीच टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीने ठोकून खरखरीत केलेले असतात तेव्हा. टाकी लावल्यावर गिरणीवाले थोडं धान्य घालून दगड साफ करतात, त्यानंतरचं दळण घ्या. कचकच प्रत्येक वेळी येत असेल तर गहू निवडताना माती-खडे राहतात का ते बघा, आणि ते स्वच्छ असूनही येत असेल तर गिरणी बदला.

धान्यात काय मिसळलं आहे?

पौष्टिक म्हणून सोयाबीन, नाचणी, चणे घालण्याची पद्धत चांगली आहे, पण त्यांनी पिठाचा चिकटपणा कमी होतो. पोळ्या तुटत असतील तर एक दळण निव्वळ गव्हाचं करून बघा. साठवणीच्या गव्हाला एरंडेल जास्त चोळलं गेलं असेल तर पीठ जाळीत अडकतं आणि गुठळ्या होतात. असा गहू कोरड्या फडक्याने पुसून, उन्हात पसरून मग दळा. गहू धुतला असेल तर तो खडखडीत वाळलाय का, तेही बघा. दाताखाली कट्ट वाजून फुटला तर वाळला, चिंबला तर नाही.

पीठ खवट झालं असेल तर त्याला इलाज नाही. गव्हाच्या अंकुरात तेल असतं. दाणा अखंड असेपर्यंत ते सुरक्षित असतं, दळल्यावर हवेशी गाठ पडते आणि खवटपणा सुरू होतो. म्हणून उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांपुरतंच दळावं. भिजवलेली कणीक रात्रभरात काळपट पडते, ते मात्र वेगळं प्रकरण आहे. कोंड्यातल्या एका एन्झाइमामुळे रंग बदलतो. आंबूस वास नसेल तर ती कणीक वापरायला हरकत नाही.

आता गहू

कणीक अर्ध्या तासात सैल पडून चिकटते, पाणी कमी केलं तरी चिकटते, पोळी आतून गिच्च लागते. हे लक्षण असेल तर एका ताटलीत शंभर दाणे पसरा आणि उजेडात बघा. अंकुराच्या टोकाला साल फुगलेली किंवा फाटलेली, बारीक पांढरं मूळ डोकावणारं, दाण्याची चकाकी गेलेली, असे दाणे दिसले तर हा गहू पावसात सापडला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला की शेतात उभ्या किंवा कापून ठेवलेल्या ओंब्यांतच दाण्याला मोड यायला लागतात. मोड येताना दाण्यात अल्फा अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं. ते स्टार्च फोडून त्याची साखर करतं, आणि तुम्ही कणीक मुरत ठेवली की त्याला काम करायला वेळच मिळतो. म्हणजे एरवीचा इलाज इथे उलटा पडतो. या गव्हाची कणीक घट्ट भिजवा, मुरवू नका, लगेच लाटा. चांगल्या गव्हात मिसळून फार फरक पडत नाही, कारण हे एन्झाइम थोडं असलं तरी पुरतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे तो गहू भाजणीत घालणं. खमंग भाजल्यावर ते एन्झाइम निकामी होतं आणि थालीपीठं उत्तम होतात. शेतकऱ्याच्या हातचं धान्य वाया जात नाही, याचं मला फार समाधान वाटतं. अट एकच, बुरशी नको. काळ्या-हिरव्या डागांचा किंवा कुबट वासाचा गहू भाजूनही खाऊ नका. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

दाणे निरोगी दिसत असतील तर शेवटची घरगुती परीक्षा करा. ५० ग्रॅम पीठ पाणी घालून घट्ट भिजवा, तो गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. मग बारीक चाळणीवर धरून, पाणी बदलत बदलत, हलक्या हाताने चोळून धुवा. पांढरं पाणी निघून जाईल, कोंडाही बराचसा सुटेल. पाणी नितळ झालं की हातात राहतो तो करडा, रबरासारखा गोळा म्हणजे ग्लूटेन. पिळून वजन करा. १२ ते १५ ग्रॅम भरला आणि ताणल्यावर सावकाश परत आला, तर गहू पोळीला योग्य आहे आणि दोष तुम्हाला वरच कुठेतरी सापडेल. १० ग्रॅमच्या खाली असेल किंवा गोळा जमतच नसेल तर भेसळ तरी आहे, नाहीतर गव्हाची जातच वेगळी आहे. भरपूर निघाला आणि ताणल्याबरोबर झटकन आखडला, तर गहू पोळीसाठी जास्तच कणखर आहे. त्याला पाणी आणि मुरवण दोन्ही वाढवा.

जातींबद्दल थोडक्यात. लोकवन रोजच्या पोळीला भरवशाचा. शरबती म्हणून मिळणारा, मध्य प्रदेशातल्या सिहोरकडचा सी ३०६ जातीचा गहू पोळीसाठी फार जुना नावाजलेला आहे, पण "शरबती" एवढा शब्द पोत्यावर छापला म्हणजे आत तोच असेल असं नाही. बन्सी रव्याला आणि शेवयांना छान, त्याच्या पोळ्या पिवळसर आणि घट्ट होतात. खपलीत चिकट भाग कमजोर असतो, म्हणून निव्वळ खपलीची मोठी पातळ घडीची पोळी करायला जाल तर तुटणारच. लहान आणि जरा जाड लाटा, किंवा अर्धा लोकवन मिसळा. खपली खिरीत जशी खुलते तशी पोळीत खुलत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत घरगुती चक्की घेतलेली मराठी मंडळीही हेच विचारतात. तिथे हार्ड रेड नावाने मिळणारा गहू पावासाठी निवडलेला, जास्त प्रथिनांचा असतो. पोळी आखडते आणि वातड होते. हार्ड व्हाइट घ्या, चव सौम्य आणि रंग उजळ येतो. त्याच पिठाच्या टॉर्टिया (मेक्सिकन पोळ्या) मऊ होतात आणि आपल्या पोळ्या का नाही, तर टॉर्टियाच्या पिठात तूप-चरबीसारखी स्निग्धता भरपूर चोळलेली असते. घडीच्या पोळीत ते काम पाण्याला आणि मुरवणीला करावं लागतं.

इथे थांबा

घरघंटीच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, मोटारीतून जळका वास आला किंवा दळताना घरातला एमसीबी पडला, तर प्लग काढा आणि मशीन उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. कंपनीच्या माणसाला बोलवा, आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंगही तपासून घ्या. झटका बसत असेल तर फक्त मशीन दुरुस्त करून भागत नाही.

पोत्यात धान्याच्या विषारी गोळ्या किंवा त्यांची करडी भुकटी सापडली तर तो गहू निवडून, धुवून वापरायचा विचार करू नका. त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू जीवघेणा आहे. पोतं घराबाहेर मोकळ्या हवेत ठेवा, माणसं आणि जनावरं लांब ठेवा, आणि विक्रेत्याला व कृषी विभागाला कळवा.

कुठल्याही गव्हाच्या पोळ्या खाऊन घरातल्या एखाद्याचं पोट सतत बिघडत असेल, तर गव्हाच्या जाती बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि तपासणीआधी स्वतःहून गहू बंद करू नका, सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीचा निकाल त्याने चुकू शकतो.

प्रयोगशाळेत गहू तपासणं एका पोत्यासाठी परवडत नाही. केंद्र, खानावळ किंवा वसतिगृह चालवत असाल आणि क्विंटलांनी घेतलेला माल चिकट निघाला, तरच ते करा. धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत फॉलिंग नंबर आणि ओलं ग्लूटेन या दोन चाचण्या मागा. पहिलीवरून मोड आल्याचं कळतं, दुसरीवरून पिठाची ताकद. नमुना पिठाचा नको, दाण्यांचा द्या. पोत्याच्या वरचा नको, मधला आणि तळाचा मिळून अर्धा किलो काढा, आणि तेवढाच नमुना सही-तारखेसह बंद करून स्वतःकडे ठेवा. व्यापाऱ्याशी बोलणी करताना तो लागतो.